माझ्या वडिलांचं काळीज फुटलं नव्हतं

आमच्याकडे एक पत्रक आहे. दरवर्षी वडिलांच्या स्मृतिदिनाला ते छापलं जायचं आणि सभेत मोठ्यानं वाचलं जायचं. आठ वर्षं त्यातला एक शब्दही बदलला नव्हता. शेवटचं वाक्य असं होतं: 'अन्यायाच्या संतापाने भर सभेत त्यांचे काळीज फुटले, पण त्यांचा आवाज थांबला नाही.'

हे वाक्य मी लिहिलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि वडिलांना जाऊन बारा दिवस झाले होते.

ते वाक्य खोटं होतं. मला हे कळायला आठ वर्षं आणि एक आजार लागला. ज्यांच्या घरात एखादं धडधाकट माणूस बोलता बोलता, चालता चालता किंवा ओझं उचलताना अचानक कोसळून गेलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांना माझा राग आला आहे त्यांनीही वाचावं. मला त्यांचा राग ओळखीचा आहे.

उकिडवी बस, उभी राहा

वडील कोल्हापुरात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाच्या एकेका उलट्या अक्षरावर बोट ठेवून मी वाचायला शिकले. आजोबांनी धम्म स्वीकारला त्या वर्षी घरातले देव पंचगंगेत सोडले होते. रिकाम्या झालेल्या कोनाड्यात पुढे पत्रकांचे गठ्ठे आले: नळासाठीचं, वसतिगृहासाठीचं, गावकुसाबाहेरच्या विहिरीसाठीचं. इतर मुली गोष्टी ऐकत वाढतात, मी मागण्या ऐकत वाढले.

वडील अडतिसाव्या वर्षी गेले. वस्तीला नळ मिळावा म्हणून सभा होती. 'आम्ही पाणी मागत नाही,' इतकं बोलले आणि पडले. पुढचं वाक्य काय होतं ते कुणालाच माहीत नाही. मी मात्र ते आयुष्यभर पुरं करायचं ठरवलं होतं. चोविसाव्या वर्षापर्यंत सभेत बोलायला मी कधी कागद घेतला नाही. आवाज तापला की पुढचं आपोआप यायचं.

त्या जून महिन्यात मी गारगोटीला एका सभेला निघाले होते. स्टँडवर एसटी हलली म्हणून धावले. दारातला दांडा हाताला लागला एवढं आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा कंडक्टर माझ्यावर पाण्याचा तांब्या ओतत होता आणि एक म्हातारा म्हणत होता, "पोरगी उपाशी हाय. आजकालच्या पोरी खातात काय? वारा."

मी उपाशी नव्हते. वर्षभर जिना चढताना छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. कार्यकर्तीनं दमायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "उकिडवी बस." बसले. "आता पटकन उभी राहा." राहिले. "परत बस." असं चार वेळा. मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. मग, 'उभी राहिलीस की आतला आवाज वाढतो,' असं म्हणत त्यांनी नळी कानातून काढली आणि विचारलं,

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"वडील. पण ते आजारानं गेले नाहीत," मी म्हणाले. "अन्यायानं गेले."

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"वय किती होतं?"

"अडतीस."

"काय करताना?"

"भाषण करताना."

"आणि त्यांचे भाऊ, बहिणी?"

एक चुलते होते. कागलकडं उसाची मोळी डोक्यावर घेऊन चालताना गेले. उन्हानं गेले, असं सगळे म्हणायचे. मी ते सांगितलं, आणि सांगताना माझाच आवाज मला वेगळा ऐकू आला. दोन भाऊ. एकाचं पत्रक निघालं, दुसऱ्याचं निघालं नाही. एवढाच फरक होता की काय?

यंत्राच्या पट्टीवर

मामानं मला मुंबईला नेलं. तिथं एका मोठ्या दवाखान्यात ध्वनिलहरींचं यंत्र नवीनच आलं होतं. अंधाऱ्या खोलीत छातीवर गार चिकट काहीतरी लावलं आणि एक कांडी फिरवली. कागदाच्या पट्टीवर रेघा उमटत गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकानं दोन रेघांमधलं अंतर दाखवलं आणि सांगितलं, हृदयाच्या मधल्या भिंतीचा स्नायू असायला हवा त्याच्या दुप्पट जाड आहे. आत रक्ताला जागा कमी उरते. हृदय घाईनं धावायला लागलं की भरायलाच वेळ मिळत नाही, आणि बाहेर जायची वाट आवळली जाते. हे जन्मतःच रक्तातून येतं. आईकडून किंवा बापाकडून.

"फुटत नाही का?" मी विचारलं.

"काय?"

"काळीज. संतापानं."

"नाही," ते म्हणाले. "फुटत वगैरे काही नाही. ठोका चुकतो आणि थांबतं."

परतीच्या गाडीत मामा मला केळं सोलून देत होता आणि मी ते हातात धरून बसले होते. बाप दुसऱ्यांदा मेल्यासारखं वाटत होतं. या वेळी सभा नव्हती, माणसं नव्हती, घोषणा नव्हत्या.

खाट नंबर अकरा

गोळी सुरू करताना नाडी किती उतरते ते बघायला मला कोल्हापुरात बायकांच्या वॉर्डात अकरा दिवस ठेवलं. औषधाचं नाव प्रोप्रॅनोलॉल. पहिले दोन दिवस मला ते उच्चारताही येत नव्हतं. दिवसातून तीनदा. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला चहा, नऊला डॉक्टर. दुपारी चार ते सहा भेटायची वेळ. त्या दोन तासांत वॉर्डाची जत्रा व्हायची आणि माझ्या खाटेपाशी एकटी आई असायची. कधी तीही नसायची, शाळेतलं शिपाईकाम सुटायला उशीर झाला की.

पहिल्या दिवशी वडिलांच्या संघटनेतले सहा जण आले. दुसऱ्या दिवशी दोघं. मग कुणी नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना तुरुंगात भेटायला कसं जायचं ते ठाऊक होतं, दवाखान्यात काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. पोलिसांनी मारलं असतं तर माझ्या खाटेभोवती गर्दी झाली असती.

शेजारच्या खाटेवर राधानगरीकडची एक बाई होती. सगळे तिला अक्का म्हणायचे. लहानपणी सांधे धरले होते, त्यातून तिची हृदयाची झडप गेली होती. ती बसूनच झोपायची.

"तुला काय झालंय गं?" तिनं विचारलं.

"हृदय जाड झालंय."

"बाकीची तर काडी हायस. आत साठवलंस व्हय सगळं?" ती हसली, मग खोकली. "आन ही इवलीशी गोळी त्याला बारीक करणार?"

"बारीक नाही करणार. दमानं चालायला लावणार."

"मंग ब्येस हाय की. माझ्या सासूला दे दोन."

तिच्याकडेही कुणी येत नसे. भाताची लावणी होती. भेटायच्या वेळी आम्ही दोघी दाराकडं बघत नव्हतो. एकमेकींकडं बघत बसायचो. एकदा ती म्हणाली, "मी तुझी पावणी, तू माझी पावणी. इच्यार की, कवा आलीस म्हणून."

"कवा आलीस?"

"आत्ताच आलो. वाटंत लई चिखूल," ती म्हणाली आणि स्वतःच्या वाटणीची दशमी मोडून तिनं अर्धी मला दिली.

मी घरी गेले त्याच्या आधी दोन दिवस तिची खाट रिकामी झाली. कुठं गेली ते मी सिस्टरना विचारलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

गार हात

गोळीनं मला जगवलं. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून कुणी ती सोडू नये.

महिन्याभरात छातीवरचा पाटा उतरला. जिना चढता येऊ लागला, मध्ये एकदा थांबून. पण हाताची बोटं गार पडली, भर ऑक्टोबरच्या उन्हात गार. अंगात शीण राहायचा. आणि मला राग येईना.

म्हणजे राग यायचा, पण फक्त डोक्यात. पूर्वी अन्यायाची बातमी ऐकली की छाती धडधडायची, कान तापायचे, हात थरथरायचा आणि त्या थरथरीतून वाक्य निघायचं. आता डोकं म्हणायचं, हे चूक आहे. छाती गप्प. मी लिहायला बसायचे आणि कागदावर अर्ज उतरायचा. 'तरी माननीय साहेबांनी लक्ष घालावे.' मी तो फाडायचे.

एका दुपारी आमच्याच गल्लीवरून मोर्चा गेला. घोषणा माझ्या होत्या, दोन वर्षांपूर्वी मीच रचलेल्या. मी उंबऱ्यावर उभी होते. कुणीतरी हात केला. कुणीतरी शेजारच्याला काहीतरी सांगितलं आणि त्यानं मान हलवली, मेलेल्याच्या दारावरून जाताना हलवतात तशी. मोर्चा वळला, घोषणा बारीक होत गेल्या, आणि मी मनगटावर बोट ठेवून नाडी पाहिली. चोपन्न. तिला काहीच झालं नव्हतं.

त्या दिवशी मी ठरवलं की माझा आवाज या गोळीनं खाल्ला आहे.

टाळ्या

वसतिगृहातल्या मुलींच्या जेवणाचा प्रश्न पेटला होता. सभेचे अध्यक्ष आबा घरी आले. आबा म्हणजे वडिलांचे जुने सहकारी. मी त्यांच्या मांडीवर वाढले.

"दहा मिनिटं बोल," ते म्हणाले. "लोकं तुला इचारत्यात. बापाची लेक कुठं गेली म्हणत्यात."

"आबा, तब्येत..."

"तुझा बाप तब्येत बघत बसला न्हाई."

सभेआधी तीन दिवस मी गोळी बंद केली. एकदम. आईला कळू नये म्हणून ठरल्या वेळी पाणी प्यायचे आणि गोळी पदराच्या गाठीत ठेवायचे. ही माझी चूक. आणि ही चूक आमच्यासारख्यांच्याच हातून होते. देवऋषीच्या अंगाऱ्यावर आम्ही पत्रकं काढली, अंगात येणाऱ्या बायांना थोतांड म्हटलं, आणि माझा मात्र ठाम विश्वास होता की खरं भाषण छातीच्या धडधडीतून येतं. कोनाड्यातले देव आम्ही काढले होते. तिथं वडिलांचं फुटलेलं काळीज नेऊन ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी हात गरम झाले. मला आनंदानं रडू आलं.

सभेत मी उभी राहिले आणि सगळं परत आलं. कान तापले, हात थरथरला, वाक्यामागून वाक्य निघालं. समोरच्या मुली रडत होत्या. मग छातीवर पाटा आला. मी आवाज आणखी चढवला. मग समोरचे दिवे बारीक झाले.

कानांवर पहिल्या आल्या त्या टाळ्या. मी खाली पडले होते, तोंडात माती होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी वडिलांच्या नावानं घोषणा दिली, दोनशे गळ्यांनी ती उचलली. आबांचा आवाज अगदी कानाशी आला, भरून आलेला: "बापाच्या वळणावर गेली! अशी पायजे लेक!"

पाणी कुणी मागितलं नाही. डॉक्टर कुणी बोलावला नाही. मला तेव्हा स्पष्ट कळलं की मी इथं मेले असते तर एकालाही आश्चर्य वाटलं नसतं. पत्रक तयारच होतं. नाव तेवढं बदलायचं होतं.

आयुष्यात मी इतकी एकटी कधी नव्हते.

आई

आईनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर पहिल्यांदाच ओरडले. "गोळी अशी एकदम सोडली तर हृदय दावं तुटलेल्या म्हशीसारखं उधळतं. तू वाचलीस हा योगायोग आहे." मग शांत होऊन म्हणाले, "गोळी वाक्यं खात नाही. घाई खाते. हळू लिहायला शिक."

घरी आल्यावर आईनं माझ्या पदराची गाठ सोडली. नऊ गोळ्या निघाल्या. तिनं त्या ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि माझ्याकडं पाठ करून बोलली.

"तुझ्या बाबाला जिना चढताना धाप लागायची. छापखान्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचा. मला म्हणायचा, चप्पल निघाली गं. रोज कशी चप्पल निघंल?"

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलू? त्यो गेला आन लोकांनी त्याला एवढा मोठा केला. मी कशाला त्याला आजारी करू?" तिनं एक गोळी ओळीत सरळ केली. "तू त्ये वाचायचीस, काळीज फुटलं म्हणून. पोरं टाळ्या वाजवायची. मला दर साली वाटायचं, उठावं आन म्हणावं, त्याला धाप लागत हुती रं. कुणीतरी दवाखान्यात न्यायाला पायजे हुतं. मीच न्यायाला पायजे हुतं."

मी तिला जवळ घेतलं नाही. आमच्या घरात ती सवय नव्हती. मी ओट्यावरची एक गोळी उचलली आणि तिच्यासमोर गिळली.

नवं पत्रक

स्मृतिदिन दोन महिन्यांवर होता. मी नवा मजकूर लिहिला. पहिल्यांदाच न थरथरता लिहिलं. एक पान लिहायला नऊ दिवस लागले. त्यात वडिलांचं काम सगळं होतं: नळ, विहीर, छापखाना. आणि शेवटी हे: 'ते हृदयाच्या आजाराने गेले. हा आजार रक्तातून येतो. त्यांना चढताना धाप लागत होती. ते दमले होते आणि त्यांना दमण्याची परवानगी कुणी दिली नव्हती. आमच्या भावकीत कुणाला धाप, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर त्यांनी छाती तपासून घ्यावी. उपचार आहे. मी घेते आहे.'

आबांनी ते दोनदा वाचलं.

"हे संघटनेच्या नावानं न्हाई निघायचं."

"खरं आहे ते, आबा."

"खरं असंल. पण पोरांना काय सांगू? त्यो लढता लढता गेला न्हाई, दम्याच्या म्हाताऱ्यागत गेला?"

"तो आजारी असून लढला. हे लहान आहे का?"

आबांनी कागद खाली ठेवला. टोपी घातली आणि निघाले. दारात थांबून, मागं न बघता म्हणाले, "तुझ्या अंगातली आग इझली, पोरी." गेली आठ वर्षं जाताना ते न चुकता 'जयभीम' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

मग मी वडिलांच्या छापखान्यात गेले. मालकांनी रविवारी चावी दिली. बोटं गार होती, खिळे त्याहून गार. एकेक अक्षर उचलायला वेळ लागत होता. तिसऱ्या पायरीवर मीही बसले होते, येताना.

स्मृतिदिनाला मी मंडपाच्या तोंडाशी उभी राहून पत्रकं वाटली. आत माझं जुनं पत्रक दुसरीच एक मुलगी वाचत होती. छान वाचत होती, तिचा हात थरथरत होता. माझी पत्रकं काहींनी घेतली, काहींनी वाचून तिथंच टाकली. एकानं विचारलं, "गोळ्यांच्या कंपनीचा पगार चालू झाला काय ताई?" लोक हसले. आई माझ्याशेजारी उभी होती. खाली पडलेली पत्रकं ती उचलायची, पदरानं पुसायची आणि परत माझ्या हातात द्यायची. संध्याकाळी आम्ही दोघीच चालत घरी आलो.

गौतम

पुढं पंधरा दिवस कुणीच आलं नाही. सोळाव्या दिवशी दारात गौतम उभा. उसाची मोळी वाहताना गेलेल्या चुलत्यांचा मुलगा. कागलला गोदामात पोती उचलतो. लग्नकार्याशिवाय आमची भेट नव्हती. शर्टाच्या खिशातून त्यानं तंबाखूची पुडी काढली, तिच्याखालून घडी घातलेलं पत्रक.

"ताई, हे गोदामातल्या कारकुनानं वाचून दावलं. ह्यात अंधारीचं लिवलंय." तो पायातल्या चपलेकडं बघत होता. "पोतं खांद्यावर घेतलं की मला येती. आमच्या बाला बी यायची. ते बी ह्यातच येतंय काय?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, "उकिडवा बस. आता पटकन उभा राहा." गौतमनं माझ्याकडं बघितलं, ही काय चेष्टा म्हणून. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघत होते. तो चेहरा मला पाठ होता. ते तिसऱ्यांदा 'परत बस' म्हणाले तेव्हाच मला कळलं.

मुंबईला जावं लागेल, तोवर पोती बंद, गोळी उद्या सकाळपासून, असं त्यांनी सांगितलं. एकदम सोडायची नाही, हे मी सांगितलं. दोनदा.

आम्ही बाहेर दगडी कट्ट्यावर बसलो. गौतम पत्रकाची घडी पुन्हा घालत होता.

"म्हंजी तुझं हाय तेच माझं हाय."

"हो."

"बाचं बी. थोरल्या बाचं, तुझ्या बाबाचं बी."

"हो."

त्यानं तंबाखू मळायला घेतली, मग तशीच पुडीत टाकली. "मला वाटायचं, मी एकटाच असा नेभळट हाय. गड्यांना सांगायची लाज वाटायची." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मंग तू बी एकटीच हुतीस की इतकं दिस."

मी त्याचा हात हातात घेतला. पोती उचलून राठ झालेला तो हात चांगला गरम होता. त्याची गोळी अजून सुरू व्हायची होती.